मुलाणीनं कापलं तरी यात्रेचं मटण काही मुसलमान का खात नाहीत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गावच्या यात्रेत बकरं मुलाणीच (गावची जनावरं कापणारा मुसलमान) कापतो, तरी तुमचा एक मुसलमान मित्र ते मटण खातो आणि दुसरा हात लावत नाही. मग हलाल-हराम ठरवतं कोण आणि कशावरून?

मी मुलाण्याच्याच घरातला, सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातला. गावची बकरी माझे आजोबा कापायचे. सुरीला धार घरूनच लावून न्यायचे, कारण जनावरासमोर पाजळायची नाही. आधी पाणी पाजायचे, मावळतीकडे तोंड करून आडवं घालायचे आणि 'बिस्मिल्लाहि अल्लाहु अकबर' म्हणत एका दमात श्वासनळी, अन्ननळी नि दोन्ही बाजूंच्या शिरा कापायचे. मान तोडायची नाही. मागं पोरं "उरका की मुलाणी" म्हणून घाई करायची, पण रक्त वाहून जाईपर्यंत आजोबा कुणाला हात लावू द्यायचे नाहीत.

लोकांना वाटतं हलाल म्हणजे एवढंच. खरं तर हे बरंच पुढचं. मूळ नियम असा की जे मना केलेलं नाही ते सगळं खायला मोकळं. भाकरी, ठेचा, माळवं यांना कुणाचा शिक्का लागत नाही. मनाईची यादीच छोटी आहे. कुराणातल्या सूरह (अध्याय) बकराची 173 वी आयत (वचन) बघा (बकरा म्हणजे अरबीत गाय, आपल्या बकऱ्याशी त्याचा संबंध नाही!). तिथं चारच गोष्टी आहेत: मेलेलं जनावर, रक्त, डुकराचं मांस, आणि अल्लाहशिवाय दुसऱ्या कुणाच्या नावानं दिलेलं जनावर. उपासमारीनं नाइलाजच झाला तर जीव तगण्यापुरतं खाल्ल्यास गुन्हा नाही, हेही त्याच आयतीत. दारूची मनाई वेगळ्या सूरहमध्ये आहे, सुळ्यांनी शिकार करणारी जनावरं आणि नखांनी शिकार करणारे पक्षी यांची हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांत.

यादी छोटी, पण एकेका शब्दावर उलेमांनी, म्हणजे धर्मपंडितांनी, किताबा लिहिल्यात. रक्ताचंच घ्या. सूरह अनआमच्या 145 व्या आयतीत 'वाहतं रक्त' असा शब्द आहे. म्हणून तुमच्याकडची रक्ती (शिजवलेलं रक्त) आम्हाला चालत नाही, पण धुतल्यावर मटणाला जो लालसरपणा राहतो त्याला हरकत नाही. काळीज तर हदीसनंच हलाल केलंय.

आता तुमच्या बकऱ्याकडं येऊ. सगळा वाद त्या चौथ्या गोष्टीवर आहे. बकरं देवाच्या नवसाचं, पण कापताना नाव घेतलं अल्लाहचं. मग धरायचं काय, सुरी फिरताना तोंडात आलेलं नाव की बकरं सोडणाऱ्याची नियत? औरंगजेबाच्या हुकमानं तयार झालेल्या फतावा-ए-आलमगिरी या धर्मनियमांच्या ग्रंथात नेमका हाच पेच आहे. (साताऱ्याच्या किल्ल्याला वेढा घालणारा तोच हा औरंगजेब, म्हणून गंमत वाटते.) बिगर-मुसलमानानं आपल्या देवांसाठी दिलेलं जनावर मुसलमानानं अल्लाहचं नाव घेऊन कापलं तर ते खाता येतं, पण मुसलमानासाठी ते मकरूह, म्हणजे नापसंत. दिल्लीचे धर्मपंडित शाह अब्दुल अझीझ (1746–1824) याहून कडक. जनावर एकदा दुसऱ्याच्या नावानं सोडलं की मग बिस्मिल्लाह म्हणून कापलं तरी ते हरामच, असं त्यांचं मत. तुमचे दोन मित्र या दोन मतांवर उभे आहेत, त्यांनी किताबा वाचल्या असोत-नसोत.

आमच्या तर एकाच घरात दोन्ही मतं होती. आजोबा यात्रेच्या पंगतीत बसून जेवायचे. आजी त्यांच्या वाट्याचं मटण चुलीपर्यंत येऊ द्यायची नाही, दारातूनच शेजारी पाठवायची. त्यावरून दोघांत भांडण झालेलं मला आठवत नाही.

मतभेद फक्त नवसापुरते नाहीत. आम्ही घाटावरचे बहुतेक हनफी, माझी बायको चिपळूणची, शाफई; हे दोन्ही सुन्नींचे धर्मनियमांचे पंथ. हनफींना पाण्यातलं फक्त मासा या जातीत बसेल तेवढंच चालतं. खेकडा बाद, आणि कोळंबी मासा आहे की नाही यावर उलेमांत अजून एकमत नाही. शाफईंना समुद्रातलं जवळपास सगळं चालतं. ती माहेराहून कुंभार्ली घाट चढून येताना माकूल (स्क्विड, म्हणजे मासा नव्हे) आणते, स्वतः तळते आणि माझ्यापुढं तुकडीही ठेवत नाही. वास मात्र फार छान येतो, हे कबूल करतो.

तर पुढच्या यात्रेला दुसऱ्या मित्राला बोलवायचं असेल तर त्याला आग्रह करू नका. नवसाचं नसलेलं, मुलाण्यानंच कापलेलं किलोभर मटण बाजारातून वेगळं आणा. मसाला तोच चालेल, पातेलं वेगळं ठेवा, आणि रक्ती ज्या पळीनं ढवळली ती त्यात घालू नका.