सुया: नाव तळणीचे, मांस निखाऱ्यावरचे

नोकरीनिमित्त लागोसमध्ये राहणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे, की तेथील एका साध्या ग्रिल रेस्टॉरंटच्या पाटीवर ‘सुया’ हा शब्द वाचल्यावर आणि काडीला ओवलेले मांसाचे पातळ काप निखाऱ्यांभोवती उभे पाहिल्यावर त्यांना आपली ‘सुई’ आठवली. तर हा शब्द भारतीय व्यापाऱ्यांबरोबर तिकडे गेला असेल का, आणि मराठीत ‘सुया खाल्ला’ म्हणावे, ‘खाल्ली’ म्हणावे की ‘खाल्ल्या’?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर नाही असे आहे. आपली ‘सुई’ संस्कृत ‘सूची’पासून आली आणि नायजेरियातील ‘सुया’ हौसा भाषेतील आहे. दोघींची भेट केवळ देवनागरीत झाली. तरीही ‘आम्ही चार सुया खाल्ल्या’ अशी वाक्ये परदेशस्थ मराठी माणसांच्या लेखनात मी इतक्यांदा वाचली आहेत, की चार सुया गिळलेल्या माणसाला रुग्णालयाचा पत्ता कळवावा असे वाटू लागते. काडीला ओवलेले, तिखट लावून भाजलेले गोमांस म्हणजे सुया, हे वाचकांनी पाहिलेलेच आहे. त्यावर शाई खर्च करत नाही.

खरी गंमत पुढेच आहे. हौसा भाषेत ‘सोया’ हे क्रियापद असून त्याचा अर्थ तळणे असा आहे, आणि ‘सुया’ हे त्याचे नाम, म्हणजे तळणी किंवा तळलेला पदार्थ. बकरी ईदला उत्तर नायजेरियातील घराघरांत मांसाचे तुकडे मोठ्या भांड्यात, भरपूर तेलात तळले जातात. हौसा माणसाच्या लेखी सुया ती. निखाऱ्यावर भाजण्यासाठी त्याच्याकडे ‘गसा’ हे वेगळे क्रियापद आहे आणि त्याचे नाम ‘गशी’. आणि ज्या पदार्थासाठी वाचक रेस्टॉरंटमध्ये गेले, त्याला कानो शहरात पिढ्यान्‌पिढ्या ‘त्सिरे’ म्हणतात. (हे ‘चिरे’ असे लिहू नये. मराठीत इकारापूर्वीचा च बहुधा तालव्यच उच्चारला जातो, आणि मग वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे जांभ्या दगडाची भिंत उभी राहते.) त्सिरे या शब्दाच्या मुळाशी टोचणे, सुळावर चढवणे हा अर्थ आहे. वाचकांना जाणवलेली टोचणी खोटी नव्हती. ती शेजारच्या शब्दात होती. आपल्याकडे संस्कृतात शूलावर भाजलेल्या मांसाला ‘शूल्य’ म्हणत, तीच ही कल्पना. नाते मात्र कल्पनेचे आहे, शब्दांचे नाही, हे बजावून सांगतो. नाहीतर उद्या कोणी हौसा भाषेची आई संस्कृत असल्याचे जाहीर करील.

भाजलेल्या पदार्थाला तळणीचे नाव कसे मिळाले? काही जाणकार सांगतात, की विक्रेता काड्यांवर अधूनमधून शेंगदाण्याचे तेल सोडतो, म्हणून ते अर्धे तळणेच झाले. मला हे मुळीच पटत नाही. तेलाचा हात फिरवल्याने भाजणे हे तळणे होत नाही, आणि ज्या भाषेत दोन्हींसाठी स्वतंत्र क्रियापदे आहेत तिच्या स्वयंपाक्याला तर असा घोटाळा होणारच नाही. माझ्या मते घोटाळा विक्रेत्याच्या नव्हे, तर गिऱ्हाइकाच्या भाषेत झाला. हे मांस विकणारे हौसा लोक उत्तरेतून दक्षिणेत आले. तेथील योरुबा आणि इग्बो गिऱ्हाइकांनी त्यांच्या तोंडचा ‘सुया’ हा शब्द उचलला, आणि तो तळलेल्याचा की भाजलेल्याचा ही चौकशी करण्याचे त्यांना काहीच कारण नव्हते. उसना शब्द घेणारा अर्थाचे बारकावे विचारत बसत नाही.

याला माझ्याकडे एक साक्षीदार आहे, आणि तो सुदानमध्ये राहतो. हजच्या वाटेने पूर्वेकडे गेलेले अनेक हौसा लोक सुदानात स्थायिक झाले. शेंगदाण्याचे कूट आणि तिखट लावून भाजलेले अगदी याच धाटणीचे मांस तेथे मिळते, आणि त्याचे नाव आहे ‘अगाशे’. (आपल्याकडील आगाशे मंडळींनी उगाच हुरळून जाऊ नये.) हा शब्द ‘गशी’वरून, म्हणजे भाजण्यावरून आला, याविषयी माझ्या मनात शंका नाही. पदार्थ पूर्वेला आपले खरे नाव घेऊन गेला आणि दक्षिणेला चुकीचे. तेलाचा सिद्धांत खरा असता, तर सुदानलाही ‘सुया’च पोचली असती. शेजारच्या कॅमेरूनमध्ये तर या भाजलेल्या गोमांसाला चक्क ‘सोया’ म्हणतात. शाकाहारी मराठी प्रवाशाने तेथे सोयाबीनच्या आशेने काही मागवू नये.

आपण हसण्याचे कारण नाही. ‘भजी’ हा शब्द ज्या ‘भृज्ज्’ धातूच्या कुळातला आहे, त्याच कुळातले आपले ‘भाजणे’. आणि भजी आपण कढईत तळतो. हौसांनी तळणीचे नाव निखाऱ्यावर नेले, आपण भाजणीचे कढईत टाकले.

पाटीवरचे बाकीचे शब्द सोपे आहेत. ‘याजी’ म्हणजे मांसाला चोळायचा आणि वरून भुरभुरायचा कोरडा मसाला: सुंठ, मिरची, लवंग, मीठ, आणि त्याला अंग देणारी ‘कुली-कुली’, म्हणजे तेल काढून घेतलेल्या शेंगदाण्याची पेंड तळून कडक केलेली. पेंड म्हटल्यावर आपल्याला गोठाच आठवतो, पण याजीचा खमंगपणा तिच्यामुळेच येतो. याजीत पुष्कळदा ‘मॅगी’ही कुस्करतात; तेथे मॅगी म्हणजे रश्शाच्या चवीची वडी, शेवया नव्हेत. ‘तोझो’ म्हणजे बैलाच्या वशिंडाचे चरबीदार मांस, ‘हंता’ म्हणजे कलेजी, आणि ‘मासा’ दिसल्यास मासळी समजू नये; ती तांदळाच्या आंबवलेल्या पिठाची, खळग्यांच्या भांड्यात केलेली, आपल्या आप्प्यांसारखी टिक्की असते. ‘माय सुया’ म्हणजे सुयावाला: हा ‘माय’ आपल्या ‘-वाला’चेच काम करतो, फक्त शब्दाच्या आधी बसून. तो काडीवरचे मांस फळीवर ओढून सुरीने त्याचे तुकडे करतो, कच्चा कांदा आणि टोमॅटो घालतो, वर याजीची मूठ टाकतो आणि सगळे वर्तमानपत्रात गुंडाळून हातात देतो.

लिंगाचे राहिलेच. हौसा भाषेत हे नाम स्त्रीलिंगी आहे. ‘सुयर नामा’, म्हणजे मांसाची तळणी, या प्रयोगातील ‘र’ त्याची खूण आहे. तेव्हा ‘सुया खाल्ली’ असे एकवचनी लिहावे आणि ‘चार काड्या सुया’ असे मोजावे. कबाब पुल्लिंगी म्हणून सुयाही पुल्लिंगी, असे माझ्या परिचयाचे एक भाषातज्ज्ञ सांगत असतात. त्या न्यायाने इडलीही पुल्लिंगी होईल, कारण डोसा आहेच.