तीन महिने झाले, पियानोवर ‘फ्युर एलिझे’ बसत नाही. सोडून देऊ का?

सोडू नका, पण सगळं एकदम वाजवायचा हट्ट सोडा. बेटोव्हेनच्या या १८१० च्या रचनेची सुरुवात काय ती सोपी. मधल्या भागांत बोटं भलतीच पळवावी लागतात. आपल्या कोल्हापुरात तालमीत नव्या पोराला पहिल्याच दिवशी वस्तादाशी कुठं झुंजवतात?

आधी पेटी वाजवत होता का? मी वाजवायचो. डावा हात वर्षानुवर्षं नुसता भाता मारत राहिला, त्यामुळं पियानोवर तो पार अडाणी निघाला! मग रोज १० मिनिटं फक्त डावा हात, दोनच बार (म्हणजे तालाची दोन आवर्तनं), मेट्रोनोम, म्हणजे ठेका देणारं यंत्र, मिनिटाला ६० ठोक्यांवर. सलग ५ वेळा बिनचूक आलं की उजवा जोडायचा. मधला अवघड भाग वर्षभर बाजूला ठेवला तरी चालतंय.