शामिसेनची गवसणी: शिंप्याला माप काय द्यायचं?

जुन्या ओबीच्या (किमोनोवर बांधायच्या रुंद कमरपट्ट्याच्या) कापडातून, खांद्याला अडकवता येईल अशी शामिसेनची (जपानी तीन तारांच्या वाद्याची) पिशवी शिवायची तर शिंप्याला माप काय द्यायचं, असं तुम्ही विचारलंय. माप सांगतोच, पण आधी एक. जपानमध्ये जिला नागाबुकुरो म्हणतात ती लांब कापडी पिशवी म्हणजे आपल्या तंबोऱ्याची गवसणीच. धूळ आणि ओरखडे थांबवते, धक्का झेलत नाही. गर्दीतून न्यायचं असेल तर दांडीचे तीन तुकडे सुटे करून कडक पेटीतच न्या.

टेप चौकोनी घटाभोवती (याला 'दो' म्हणतात) फिरवा, वरचं दोउकाके (हात टेकवायचं आवरण) काढू नका. घट २० सेंमी रुंद आणि १० सेंमी जाड असेल तर घेर ६० येतो. निम्मे ३०, त्यात ३ सैल, म्हणजे तयार रुंदी ३३. दोन्ही बाजूंना दीड-दीड सेंमी माया धरून ३६ बेता. किमोनोच्या थानाचा पन्हा साधारण ३६ ते ३८ असतो, त्यामुळे तो नेमका बसतो. ओबी मात्र ३१ च्या आसपास असते, इथेच घोळ होतो. शिवून २८ च उरतात. दोन्ही कडांना, पुढच्या आणि मागच्या भागाच्या मध्ये, ८ सेंमीची एकेक पट्टी जोडा, शिवल्यावर ती ५ राहते, घेर ६६ होतो आणि ३३ पुरे होतात.

लांबी: वाद्य १०० सेंमी, तळाला ५, वर दुमडायला १५, एकूण १२०. तळाशी घडी घालून एकाच पट्टीत शिवायचं तर २४०, तोंडाच्या दुमडपट्टीसाठी दोन्ही टोकांना ४-४, म्हणजे २४८. अस्तर तेवढंच, पण दर बाजूला अर्धा सेंमी कमी, नाहीतर आत चुण्या पडतात. तळाचे कोपरे चिमटून १० सेंमीची आडवी टीप घाला, घट नीट टेकतो.

शिंपी हमखास करतो ती चूक: गिटारच्या पिशवीसारखी दांडीपाशी अरुंद करतो. घट तोंडातूनच आत जाणार, त्यामुळे पिशवी वरपासून खालपर्यंत सरळच हवी. अरुंदच करायची तर बाजूला पूर्ण चेन लागेल, आणि चेनचे दात लाकडाला लागू नयेत म्हणून आतून झाकणपट्टीही.

खाली दांडीचं टोक घटाबाहेर येतं. ते आतून कापड खातं, काही काळाने भोक दिसतं. तळाला २३ × १० सेंमीचा जाड नमद्याचा तुकडा अस्तर आणि कापडाच्या मध्ये टाका.

नाडी पिशवीच्या पाठीवर, सर्वांत खालच्या खुंटीच्या ८-१० सेंमी खाली टाका. वरचं कापड पाठीकडे दुमडून दांडीभोवती सैल गुंडाळायचं. खुंट्यांवर (इतोमाकी) बांधलं की त्या फिरतात, तारा उतरतात.

अस्तर सुती आणि गुळगुळीत असू द्या. फ्लीस खुंट्यांना अडकतं. प्लॅस्टिकचं अस्तर सुरक्षित वाटतं, पण गरम गाडीतून थंड खोलीत आलं की आत दव धरतं. कातडं तांदळाच्या खळीने चिकटवलेलं असतं, ओलाव्याने ते सुटतं किंवा फाटतं. ओलावा अडवायचं काम वाबुकुरो नावाच्या छोट्या पिशवीचं, ती आधी घटावर चढवायची आणि मग गवसणी.

पट्ट्यासाठी ४ सेंमीची सुती निवार घ्या. एक टोक तळाच्या शिवणीवर, दुसरं नाडीच्या थोडं वर, दोन्ही पाठीमागे. खाली कापडाचा चौकोनी तुकडा ठेवून चौकोन आणि मध्ये फुली अशी टीप मारा. नुसत्या ओबीच्या कापडावर शिवलं तर जरीचे धागे वजनाने सरकतात. आत सेंटीमीटरभर भरणी घालणार असाल तर रुंदी ३३ ऐवजी ३७ धरा.

घोडी (कोमा) काढून वेगळ्या बटव्यात, आणि बाची (तारा छेडायची मोठी नखी) मुळीच आत टाकू नका. तिचे कोपरे कातड्यावर टेकले की संपलंच.

एकदा खात्री करा, हातात सान्शिन (शामिसेनसारखंच दिसणारं वाद्य) नाही ना? तो जपानच्या ओकिनावा बेटांवरचा, बराच आखूड असतो. मग लांबीचे सगळे आकडे नव्याने काढावे लागतील.