वस्तीतल्या मोफत दात व आरोग्य तपासणीला गर्दी होते, पण पुढच्या उपचाराला कुणी जात नाही. लोकांना कसं तयार करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: समाजमंदिरात दर दोन-तीन महिन्यांनी शिबिर होतं, शंभर-दीडशे माणसं येतात, त्यातल्या बऱ्याच जणांना पुढच्या उपचाराची चिठ्ठी मिळते आणि दवाखान्यात मात्र बोटांवर मोजण्याइतकीच पोचतात. मग जागृती कशी वाढवायची?

मला यात जागृतीची अडचण फार थोडी दिसते. दात न दुखता दवाखान्यात जायचं म्हणजे रोजंदारीवरच्या माणसाला एक खाडा. वर रिक्षा किंवा बसचं भाडं, धाकट्या पोराला कुणाकडे तरी सोडणं, आणि खिडकीवरचा माणूस खेकसेल ही धास्ती. एवढं करून फायदा काय, तर आज न दुखणारा दात दोन वर्षांनीही दुखणार नाही. हा हिशोब त्यांना चांगला येतो, म्हणूनच ते जात नाहीत. तेव्हा भाषणं कमी करा आणि खाडे कमी करा. जे काम जागेवर होऊ शकतं ते जागेवरच उरका. जे होऊ शकत नाही, त्याची दुसरी भेट माणूस शिबिरातून उठायच्या आधीच पक्की करा.

आधी चिठ्ठीचं बघू, कारण गळती तिथेच होते. ‘दंतचिकित्सकांना दाखवावे’ एवढंच लिहिलेली चिठ्ठी कचऱ्यात जाते. चिठ्ठीवर वार, तारीख, वेळ, इमारत, मजला, केसपेपर कुठे काढायचा, सोबत काय आणायचं (आधार कार्ड, चालू गोळ्यांची पाकिटं) आणि अंदाजे किती भेटी लागतील, हे सगळं हवं. तारीख तुम्ही ठरवू नका. ‘या आठवड्यात सुट्टी कधी असते?’ असं विचारून त्यांच्याच तोंडून काढून घ्या. मग आदल्या संध्याकाळी फोन करा. मेसेज पुरत नाही, कारण फोन बहुतेक वेळा नवऱ्याकडे किंवा मुलाकडे असतो. केसपेपरची खिडकी ओपीडी संपायच्या आधीच बंद होते. अकरा वाजता निघालेली बाई तिथूनच परत येते आणि पुन्हा कधी जात नाही. म्हणून पाच-सहा जणांचा गट करून सोबत एक कार्यकर्ती पाठवा. ब्रश-पेस्ट वाटून फोटो काढण्यावर जो पैसा जातो, तो या बसभाड्यावर खर्च केलात तर जास्त दात वाचतील.

वेळही त्यांच्या कामाची धरा. घरकाम करणाऱ्या बायका साधारण दुपारी दीड ते चार मोकळ्या असतात. नाक्यावरचे मजूर सकाळी नाक्यावरच भेटतात, आणि नऊच्या पुढे ज्याला काम मिळालं नाही त्याच्याकडे वेळ असतो. ऊसतोड कुटुंबं दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. मराठवाड्यातल्या अशा गावात डिसेंबरमध्ये शिबिर घेतलं तर फक्त म्हातारी माणसं भेटतील. तिथे निघायच्या आधी एकदा आणि परतल्यावर एकदा, असं वेळापत्रक ठेवा. किडलेल्या दातांना दर सहा महिन्यांनी लावायच्या औषधालाही (त्याबद्दल पुढे सांगतो) ते जुळतं.

शिबिरात काय करू नये तेही सांगतो. तिथे दाढा काढू नका. रक्तदाब-साखर माहीत नाही, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का ते माहीत नाही, आणि रात्री रक्त थांबलं नाही तर जायचं कुठे? दुसरी मोठी चूक म्हणजे दहा-पंधरा आरसे डेटॉलच्या पाण्यात बुचकळून शंभर तोंडांत फिरवणं. त्याने निर्जंतुकीकरण होत नाही, कावीळ ब पसरू शकते. जितकी माणसं तितके ऑटोक्लेव्ह केलेले (दाबाच्या वाफेत निर्जंतुक केलेले), पाकिटबंद आरसे हवेत. तेवढे नसतील तर आरसा बाजूला ठेवा आणि माणशी एक लाकडी पट्टी, नवे हातमोजे आणि चांगला टॉर्च यांवर भागवा. किडका दात आणि पांढरा चट्टा त्यातही दिसतो. खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवा, नाहीतर पडदा लावा. शेजारपाजाऱ्यांसमोर काळे दात दाखवायला कुणालाच आवडत नाही, बायकांना तर नाहीच.

मुलांच्या बाबतीत एक गैरसमज सगळ्यात महागात पडतो: ‘दुधाचा दात आहे, पडणारच आहे.’ सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या दाढांच्या मागे जी दाढ येते ती कायमची असते. कुठलाही दात न पडता ती येते, म्हणून आईला ती दुधाचीच वाटते. तिच्या खोल खाचांत बिस्किट अडकतं आणि अनेक मुलांची ही दाढ दोन-तीन वर्षांतच किडते. म्हणून पहिली-दुसरीतल्या प्रत्येक मुलाच्या आईला आरशात ती दाढ बोटाने दाखवा. ‘ही आयुष्यभराची आहे’ एवढंच वाक्य सांगा, बाकी व्याख्यान नको.

ज्यांचे दात किडलेत पण ठणकत नाहीत, सूज नाही, त्यांच्यासाठी ३८ टक्क्यांचं सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड हे गरीब वस्तीतलं सगळ्यात उपयोगी औषध आहे असं माझं मत आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. इंजेक्शन नाही, मशीन नाही, वीजही लागत नाही. दंतवैद्य कापसाने दात कोरडा करतात, ओठांना आणि हिरड्यांना व्हॅसलिन लावतात, बारीक ब्रशने औषध किडीवर साधारण मिनिटभर टेकवतात. एका थेंबात चार-पाच दात होतात. सहा महिन्यांनी पुन्हा लावावं लागतं. खोट एकच: किडलेला भाग कायमचा काळा पडतो. हे आधी फोटो दाखवून सांगितलं नाही, तर दुसऱ्या दिवशी ‘पोराचे दात जाळले’ अशी बोंब होते आणि अख्खी गल्ली शिबिराला पाठ फिरवते. पुढच्या दातांना लावायचं असेल तर आई-बाप दोघांनाही विचारा. कातडीवरचा डाग आठवडा-दोन आठवड्यांत जातो, कपड्यावरचा जात नाही. चांदीची अ‍ॅलर्जी असेल किंवा दात रात्री ठणकत असेल तर हे औषध चालत नाही. रात्री ठणकणारा दात म्हणजे कीड दाताच्या आतल्या नसेला पोचली, तिथे दुसरा उपचार हवा.

आता मिश्री. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, पण तव्यावर तंबाखू भाजून घरीच केलेल्या मिश्रीला कोण अडवणार? ‘कॅन्सर होईल’ असं म्हणून भीषण फोटो दाखवले की बायका मान डोलावतात आणि पुढच्या वेळी यायचं टाळतात. मिश्री का लावली जाते ते आधी समजून घ्या. सकाळी पोट साफ होतं, दुखरी दाढ बधिर होते, कामाला तरतरी येते. या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत, निकोटीन तेच करतं. म्हणून सोडल्यावर पहिले काही दिवस बद्धकोष्ठता, डोकेदुखी, चिडचिड होणार, हे आधीच सांगा. नाहीतर ‘सोडली आणि आजारी पडले’ असा निष्कर्ष निघतो.

दिवसातून किती वेळा लावता, ते मोजायला सांगा. सहा वेळा असेल तर जी सर्वांत सोपी वाटते (बहुधा दुपारची) ती आधी सोडायची, सकाळची सर्वांत शेवटी. प्रत्येक सोडलेल्या वेळेला बोटावर साधी पेस्ट लावून दात घासायचे, म्हणजे हाताची सवय मोडत नाही, फक्त तंबाखू जातो. सकाळसाठी कोमट पाणी, जेवणात पालेभाजी आणि सालासकट डाळ. दुखरी दाढ असेल तर तिचा उपचार आधी करा. ती ठणकत असताना मिश्री सुटत नाही. तंबाखू सोडायला मदत करणारी सरकारी मोफत फोनसेवा (क्विटलाइन) १८००-११-२३५६ आहे, पण पहिला फोन तुमच्या समोर बसून लावून द्या. गरोदर बाईकडे या विषयाला जरा जास्त वेळ द्या. मिश्रीने बाळाचं वजन कमी भरतं, आणि हे कारण बाई स्वतःच्या कर्करोगापेक्षा लवकर मनावर घेते. तिच्या दातांचं काम चौथ्या ते सहाव्या महिन्यात सोयीने होतं. ‘गरोदरपणात दाताला हात लावायचा नाही’ हे सासूबाईंचं मत असेल, तर सासूबाईंनाच सोबत बोलवा.

तंबाखू खाणाऱ्याचं तोंड बघायला तीन मिनिटं लागतात. कवळी काढायला सांगा. मग दोन्ही गालांची आतली बाजू, ओठांची आतली बाजू, हिरड्या, टाळू. जीभ गॉजने धरून दोन्ही कडा आणि शेवटी जिभेखाली. कडा आणि जिभेखालची जागा घाईत राहून जाते. दोन आठवड्यांत न भरलेली जखम, न पुसला जाणारा पांढरा चट्टा आणि लाल चट्टा, यातलं काहीही दिसलं की सरळ पुढे पाठवा. लाल चट्टा पांढऱ्यापेक्षा जास्त धोक्याचा. तोंड उघडतं का ते बघायला माणसाची स्वतःचीच तीन बोटं उभी धरून वरच्या-खालच्या दातांमध्ये जातात का ते बघा. सुपारी खाणाऱ्या तरुण पोरांची ती जात नाहीत आणि ‘पाणीपुरी तोंडात मावत नाही’ अशी तक्रार ते हसत हसत सांगतात. ती तक्रार गंभीरपणे लिहून घ्या.

दोन गैरसमजांना मात्र उत्तर तयार ठेवाच. पहिला: दाढ काढली की नजर कमी होते. डोळ्याच्या नसा आणि दाढेच्या नसा वेगळ्या आहेत. दाढा काढायचं आणि चष्मा लागायचं वय एकच, म्हणून तसं वाटतं. दुसरा: दात साफ करून घेतले की हलायला लागतात. हा अनुभव खोटा नसतो, म्हणून तो उडवून लावू नका. वर्षानुवर्षं साठलेलं कीटण दातांच्या फटीत सिमेंटसारखं बसलेलं असतं. हाड त्याच्यामुळेच झिजलेलं असतं. कीटण काढल्यावर फट उघडी पडते, हिरडीची सूज उतरते, दात मोकळे वाटतात, गार पाणी काही दिवस झणझणतं. हे सफाईच्या आधी सांगितलं तर ती माहिती असते, नंतर सांगितलं तर सबब वाटते.

दातांसोबत रक्तदाब आणि साखर त्याच टेबलावर तपासा, वेगळं शिबिर नको. मधुमेहात हिरड्या लवकर सडतात आणि सडलेल्या हिरड्या साखर आटोक्यात येऊ देत नाहीत. रक्तदाब घेताना पाच मिनिटं बसवा, दंडाला पट्टा नीट मापाचा लावा. जाड दंडाला छोटा पट्टा लावला की आकडा खोटाच जास्त येतो. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाची रक्तदाब, साखर आणि तोंडाची तपासणी सरकारी कार्यक्रमात आधीच आहे. आशाताई सीबॅक नावाचा फॉर्म भरतात, त्यात तंबाखू, दारू, कंबरेचा घेर, घरातले आजार हे विचारलेलं असतं. म्हणून समांतर वही उघडण्यापेक्षा आशाताईंनाच टेबलावर बसवा. नंतरचा पाठपुरावाही त्याच करू शकतात.

पैशाचं थोडक्यात. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी-उपचार मोफत आहेत. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत दर कमी असतात, पण विद्यार्थी काम करतात म्हणून भेटी जास्त लागतात, हे आधी सांगा. सुरक्षारक्षक, हाउसकीपिंगवाले यांच्या पगारपत्रकात ०.७५ टक्के कपात दिसली तर ती ईएसआयची, म्हणजे कामगार राज्य विम्याची आहे (पगार २१ हजारांपर्यंत). त्यात दातांचे उपचारही मिळतात, पण अनेकांनी कार्डच काढलेलं नसतं. महात्मा फुले योजनेत साधं दात भरणं किंवा सफाई बसत नाही, तोंडाच्या कर्करोगाचे उपचार बसतात. मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. त्यांची तारीख काढून तुमचं शिबिर त्यानंतर पंधरा दिवसांत ठेवा, म्हणजे त्यांनी नोंदवलेली किडकी मुलं तुम्हाला आयती मिळतील.

घरी काय करायचं ते एवढंच सांगा: पाकिटावर फ्लोराइड लिहिलेली कुठलीही स्वस्त पेस्ट. तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, सहापर्यंत वाटाण्याएवढी. रात्रीचं घासणं सकाळपेक्षा महत्त्वाचं. घासून झाल्यावर थुंकायचं, चूळ भरायची नाही, म्हणजे औषध दातावर राहतं. जिथे पाणी तासभरच येतं तिथे हा सल्ला लगेच पटतो. राखुंडी आणि गेरूची लाल पावडर दात झिजवते. चंद्रपूर-यवतमाळच्या काही गावांत पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे. तिथे लहानग्यांना पेस्ट देण्याआधी पाण्याचा अहवाल बघा, तो लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर असेल तर आधी पिण्याचं पाणी बदलायला हवं.

शेवटी तुमचं रजिस्टर. ‘तपासलेले’ हा रकाना देणगीदारांना दाखवायला ठेवा, पण त्याच्या शेजारी आणखी तीन आखा: दुसरी भेट ठरली का, झाली का, झाली नाही तर कारण काय. कारण त्यांच्याच शब्दांत लिहा, ‘निष्काळजी’ असं लिहू नका. ‘मुकादमाने सोडलं नाही’, ‘खिडकी बंद होती’, ‘पोरीला ताप’. दहा-बारा कारणं जमली की पुढच्या वेळी काय बदलायचं ते त्यातच दिसतं. आणि चट्टा किंवा जखम सापडलेली नावं लाल शाईने वेगळ्या पानावर लिहा. त्यांची चिठ्ठी हातात देऊन मोकळं व्हायचं नाही. आठवड्याच्या आत त्यांना रुग्णालयात नेऊन आणायचं आणि बायोप्सीचा (तुकडा काढून केलेल्या तपासणीचा) निकाल येईपर्यंत ते पान उघडं ठेवायचं.