आयएल-सिक्स वाढलं म्हणजे कॅन्सर परत आला का?

प्रश्न: नमस्कार डॉक्टर, आम्ही इंदूरला सुदामा नगरात राहतो. माझ्या वहिनीचं (वय 46) ब्रेस्ट कॅन्सरचं ऑपरेशन झालं, मग किमो, मग शेक (रेडिएशन), ते संपून तीन आठवडे झाले आणि आता टॅमॉक्सिफेन (इस्ट्रोजेन हार्मोनला अडवणारी गोळी) चालू आहे. कोणीतरी सुचवलं म्हणून दादाने एका लॅबचं फुल बॉडी पॅकेज करून घेतलं, त्यात आयएल-सिक्स 22 आलंय, नॉर्मल 7 पर्यंत लिहिलंय, सीआरपीपण जास्त आहे. दादाने नेटवर वाचलं की हे वाढलेलं असलं की पेशंट फार दिवस काढत नाही. घरात कोणाला घास जात नाहीये, वहिनीला अजून सांगितलं नाही. त्या आठवड्यात तिला ताप-खोकला होता. सूज उतरायला हळदीच्या कॅप्सूल मागवल्यात, द्यायच्या का?

उत्तर: ताई, आधी दादाला जेवायला बसवा. ह्या एका आकड्यावरून कॅन्सर परत आला असं कोणीच सांगू शकत नाही.

आयएल-सिक्स म्हणजे इंटरल्युकिन-6, आपल्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात त्यातला एक निरोप्या. कुठे जंतू शिरला, जखम झाली, की पांढऱ्या पेशी त्याला सोडतात, तो लिव्हरला पोचला की लिव्हर सीआरपी (शरीरात सूज आहे हे दाखवणारं प्रथिन) बनवायला लागतं, म्हणून तुमच्याकडे दोन्ही एकदम वर दिसतायत, ती दोन वेगळी संकटं नाहीत. आणि ताप-खोकला चालू, वर शेक नुकतेच संपलेले, अशा वेळी 22 येणं ह्यात मला तरी नवल वाटत नाही. दात दुखत असला तरी सीआरपी वाढू शकतं हो.

दादाने वाचलं ते खोटं नाही, पण अर्धं आहे. कॅन्सर शरीरात पसरलेल्या बायकांमध्ये आयएल-सिक्स जास्त असलेल्यांचं सरासरीने वाईट झालेलं दिसलंय, कारण गाठ स्वतःसुद्धा हा निरोप सोडते आणि त्याच्या जोरावर तिच्या पेशी तग धरतात. वजन जास्त असेल तर चरबीतूनही तो येतो, आणि पाळी गेल्यावर अशी सुजलेली चरबी इस्ट्रोजेनसुद्धा जास्त बनवते, हार्मोनवर वाढणाऱ्या कॅन्सरला तेच खाद्य. पण ही सरासरी झाली, तुमच्या वहिनीचं भविष्य नव्हे. शिवाय सूज, म्हणजे शरीराचा हा आतला प्रतिकार, सगळी वाईटच असंही नाही, ट्रिपल निगेटिव्ह प्रकारात (ज्यात ईआर, पीआर, हर-टू तिन्ही नसतात) तर गाठीत शिरलेल्या लिम्फोसाइट, म्हणजे प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशी जितक्या जास्त तितकं पेशंटचं बरं होतं.

वहिनीचं पुढचं कशावर ठरतं ते तिच्या जुन्या फाइलीत आहे, ऑपरेशननंतरचा बायोप्सी रिपोर्ट काढा. गाठ किती सेंटिमीटर, काखेतल्या किती लिम्फ नोडमध्ये कॅन्सर सापडला, ग्रेड (पेशी किती बिघडलेल्या दिसतात), ईआर आणि पीआर (गाठ हार्मोनवर वाढते का), हर-टू (गाठ वाढवणारं एक प्रथिन), केआय-67 (पेशी किती वेगाने वाढतायत). टॅमॉक्सिफेन दिलंय म्हणजे तिचा कॅन्सर हार्मोन पॉझिटिव्ह असणार, आणि ती गोळी रोज न चुकता पोटात जाणं हे आयएल-सिक्सच्या आकड्यापेक्षा शंभर पटीने महत्त्वाचं आहे.

म्हणूनच त्या कॅप्सूल देऊ नका! वरणात, भाजीत हळद घाला, पोह्यांत घाला, काही बिघडत नाही. पण कॅप्सूलमध्ये अर्क असतो, बऱ्याचदा काळ्या मिरीचाही, आणि ही जोडी टॅमॉक्सिफेनसोबत घेतली की ज्या रूपात ते औषध काम करतं त्याचं रक्तातलं प्रमाण कमी होतं असं दिसून आलंय. पेनकिलरही सूज उतरवायची म्हणून मनाने सुरू करू नका.

वहिनीला मात्र सांगा, तिच्यापासून लपवलेलं तिला तुमच्या चेहऱ्यावर दिसतंच आहे. ती थकल्यासारखी असेल तर त्यातही ह्या निरोप्यांचा हात असू शकतो, संध्याकाळी तिला घेऊन हळूहळू चालायला जा, त्याने थकवा खरंच उतरतो. आयएल-सिक्स परत करायची गरज नाही. खोकला गेला नाही, हाड सतत दुखतंय, दम लागतोय, नवीन गाठ लागतेय, असं काही असेल तर पुढच्या तारखेची वाट न बघता कॅन्सरच्या डॉक्टरांकडे जा, आणि जाताना तो लॅबचा कागदही फाइलीत ठेवा.