जुन्या मोटरहोममधली सैल पॅनेल आणि लॅच

इंग्लंडमध्ये नव्वदच्या दशकातली मोटरहोम (आत राहायची सोय असलेली गाडी) घेतलीत, छान केलंत. तिच्या आतल्या भिंतींची सैल पॅनेल आणि कपाटांचे लॅच, म्हणजे दार बंद ठेवणाऱ्या खिट्ट्या, कसे दुरुस्त करायचे असं विचारलंत. पॅनेल खडखडणं, वळणावर कपाट उघडणं हे त्या वयाच्या गाडीत व्हायचंच. पण स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी सैल पॅनेल बोटाने दाबून बघा, विशेषतः खिडकीखाली आणि छताच्या कोपऱ्यांत. भुसभुशीत किंवा फुगलेलं लागलं, तर दोष स्क्रूचा नाही. बाहेरून पाणी शिरतंय. आधी गळती शोधा, फटी बुजवणारं जुनं सीलंट खरवडून ब्यूटाइल टेप (पाणी अडवणारी चिकट रबरी पट्टी) लावा आणि लाकूड पूर्ण वाळू द्या. तिथल्या पावसात याला आठवडे लागतात, तरी घाई नकोच. ओल्यावर नवं पॅनेल ठोकलंत तर आतली चौकट कुजत राहील.

पॅनेल कोरडं असेल तर काम सोपं. ते बहुधा 3 मिलिमीटरचं प्लाय, मागे लाकडी पट्ट्या. स्क्रूचं भोक मोठं झालं असेल तर बांबूची काडी लाकडाच्या गोंदात बुडवून आत ठोका, रात्रभर सुकू द्या, वरचं टोक कापा, बारीक ड्रिल मारून तोच स्क्रू बसवा. लांब स्क्रू अजिबात नको! मागून वायरी जातात, कुठे गॅसची नळीसुद्धा.

लॅच बहुतेक वेळा धड असतो, बिजागरी सैल होऊन दार खाली उतरलेलं असतं. आधी तीच आवळा. पुश-बटण लॅचमधलं प्लास्टिक मात्र ठिसूळ होतं, ते बदलाच. नवा घेताना जुना सोबत न्या, दाराची जाडीही मोजून ठेवा. सुरुवात डोक्यावरच्या कपाटांपासून करा.