छातीवरच्या पट्टीतून ब्लूटूथने ईसीजी पाठवतो, पण पेशंट कुशीवर वळला की तो तुटतो. ब्लूटूथ सोडून झिग्बी (दुसरी कमी पल्ल्याची बिनतारी पद्धत) घ्यावं का?

नको. तुमच्या सांगलीच्या वॉर्डात छातीवरची पट्टी कुशीखाली दाबली गेली की सिग्नल जातो, कारण ब्लूटूथच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी शरीरातलं पाणी शोषून घेतं. झिग्बीही त्याच फ्रिक्वेन्सीवर चालतं, म्हणजे दुखणं तेच. खास शरीरावरच्या बिनतारी उपकरणांसाठीचं आयईईई ८०२.१५.६ मानक २०१२ पासून आहे, पण त्याच्या चिप बाजारात शोधत बसाल.

आधी अँटेना कातडीपासून चार-पाच मिलिमीटर वर उचला, मध्ये फोम घाला. खाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक गेटवे (पट्टीचा सिग्नल घेऊन पुढे पाठवणारा डबा) लावा. सुपरव्हिजन टाइमआउट, म्हणजे सिग्नल गेल्यावर जोडणी तुटली असं मानण्याआधीची वाट, २ सेकंद ठेवा; जास्त ठेवलात तर पट्टी मेलेल्या जोडणीलाच चिकटून राहते, दुसऱ्या गेटवेकडे वळत नाही.

तेवढ्या वेळात डेटा हरवू नये म्हणून पट्टीत बफर, म्हणजे तात्पुरती साठवण, हवाच. सेकंदाला २५० नमुने, प्रत्येकी २ बाइट म्हणजे ५०० बाइट. ३० सेकंदांना १५ किलोबाइट पुरतात. एमटीयू, म्हणजे एका पॅकेटची कमाल मर्यादा, मूळच्या २३ बाइटवरून २४७ करा, नाहीतर सेकंदाला दोन-तीनऐवजी पंचवीस पॅकेट जातील आणि बॅटरी बसेल. प्रत्येक पॅकेटला अनुक्रमांक द्या. आणि तुटलेला भाग पडद्यावर सपाट रेघ म्हणून काढू नका, कोराच ठेवा. नाहीतर हृदय थांबलं समजून सिस्टर उगाच धावत येतील.